घडीखालची ओळ

त्या कागदामुळे मला काय काय मिळणार होतं ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला भोळी समजायला नको. एक नवरा, चौतीस वर्षांचा, औषधांच्या दुकानवाल्या घरातला, कपाळावरून केस मागे सरकलेले पण आवाज गोड. काल्यारी शहरात तिसऱ्या मजल्यावरचं घर, ज्याच्या गॅलरीतून मिठागरं दिसतात आणि मिठागरांत एका पायावर उभे राहून दिवस काढणारे रोहित पक्षी. आईच्या भट्टीतून कायमची सुटका. गावात मी वितालिया पाववालीची पोरगी होते, अंगाला पिठाचा आणि आंबवणाचा वास असलेली. इथे मी सिन्योरा होणार होते आणि खाटीकसुद्धा मला 'काय देऊ आपल्याला' म्हणून विचारणार होता. या सगळ्याच्या बदल्यात माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती: स्वच्छ रक्त. रूप नको, हुंडा नको, घराणं तर नकोच. आमच्या बेटावर आठातल्या एकाच्या रक्तात थॅलेसेमियाची खूण असते. खूण असलेल्या माणसाला त्याचा काही त्रास नसतो, फक्त त्यानं तशाच दुसऱ्या माणसाशी लग्न करू नये. केलं तर चारातलं एक मूल दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त घेऊन जगतं. म्हणतात की ही खूण ज्यांच्यात होती त्यांना पूर्वी दलदलीचा हिवताप मारू शकत नसे. म्हणजे सौदा खापरपणज्यांनी केला, जगले ते, आणि फेड आमच्या वाट्याला आली. त्या नवऱ्यात, रायमोन्दोमध्ये, खूण होती. माझ्या कागदावर लिहिलं होतं की माझ्यात नाही. म्हणून त्या घरच्या बाईनं, म्हणजे माझ्या सासूनं, शहरातल्या दोन शिक्षिका आणि एका नोटरीची मुलगी बाजूला सारून माझं नाव पक्कं केलं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, जेवणानंतर, याच गॅलरीत सासूबाई माझ्या मुलाला, प्रियामोला, मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तसं त्या त्याला घेत नसत. नाताळपासून तर हातच लावला नव्हता. मी समजत होते की पाववालीच्या नातवाची त्यांना किळस येते, आणि त्याचा राग मी नीट जपून ठेवला होता, वेळेवर वापरता यावा म्हणून. त्या दिवशी मीच तो त्यांच्या मांडीवर ठेवला, थोडा मुद्दाम. ऊन समोरून येत होतं. त्यांनी त्याचा कान दोन बोटांत धरला, अगदी हलका, जसं बाजारात बायका कापडाचा पोत बघतात, आणि तो उन्हासमोर धरला. मीही पाहिलं. कानातून ऊन आरपार येत होतं, आणि ते लाल नव्हतं. मेणबत्तीच्या वरच्या टोकाला, वात जळून खाली गेल्यावर जसा उजेड दिसतो तसं. मूल मागे वळून हसलं. सासूबाईंनी त्याला माझ्याकडे दिलं, कपड्यावरची सुरकुती नीट केली आणि विचारलं, "तो कागद अजून आहे का गं तुझ्याकडे?"

"कुठला?" मी म्हटलं. कुठला ते मला माहीत होतं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "तेरा महिन्यांच्या पोराचं वजन किती आहे ते उद्या बघून घे."

मी महापालिकेच्या नोंदणी खिडकीवर बसते. जन्म, लग्न, मृत्यू. माणूस काचेपलीकडे आला की तो काय लपवतोय ते त्याच्या कागदाकडे बघून कळतं, तोंडाकडे बघायची गरज पडत नाही. ज्याला घाई असते तो कागद आधीच पुढे सरकवतो. ज्याच्या मनात काही असतं तो घडी तशीच ठेवून देतो, बाईनं आपली आपण उलगडावी आणि जमलं तर उलगडू नये म्हणून. मी दिवसातून तीसचाळीस वेळा एकच वाक्य म्हणते: "कागद उलगडून द्या, घडी चालत नाही." माझ्या शेजारची आन्तियोका मला म्हणते, "ग्रेका, तुझ्या थडग्यावर हेच कोरू या." त्या रविवारनंतरच्या सोमवारी मी हे वाक्य पहिल्या माणसाला म्हणायला घेतलं आणि 'घडी'पाशीच थांबले. समोरचा म्हातारा बायकोचा मृत्यू नोंदवायला आला होता. तो म्हणाला, "घ्या बाई पाणी प्या, माझं काय, मला घाई नाही." मी पाणी प्यायले. ओठाच्या आतल्या बाजूला फोड आला होता तो चुरचुरला. असे फोड मला नेहमीच येतात. नेहमीच आले आहेत.

कागद शाळेतून आला तेव्हा मी सोळा वर्षांची होते. त्या वर्षी पहिल्यांदाच शाळाशाळांतून रक्त तपासायला लोक आले होते, आमच्या वर्गातल्या पोरी बाह्या वर करून रांगेत हसत उभ्या होत्या, आणि नंतर कागद आल्यावर हसू थांबलं, कारण सहा जणींना तेव्हाच कळलं की गावातल्या कितीतरी पोरांशी आपलं जमायचं नाही. माझा कागद मी भट्टीजवळ उभी राहून वाचला. पहिल्या ओळीत एक आकडा आणि त्यापुढे 'वाहक नाही'. त्याखाली दुसरी ओळ, लहान अक्षरांत: 'लोह फार कमी. लोहाचं औषध देऊन तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे.' मी आईला दोन्ही ओळी वाचून दाखवल्या. आई तेव्हा कात्रीनं कोक्कोइच्या पावाला टोकं काढत होती. आमच्याकडे सणाच्या पावाला कणिक असतानाच कात्रीनं पानं, चिमण्या, कंगोरे कापतात. कणिक इतकी घट्ट मळलेली असते की कापलेलं टोक भाजल्यावरही टोकच राहतं. आईचा हात त्यात साऱ्या गावात पहिला. तिनं कात्री न थांबवता विचारलं, "पास झालीस ना?"

"झाले. पण पुन्हा तपासायला सांगितलंय."

"पास झालेली पोर परत परीक्षेला बसते का? नापास झालीस तर?" आणि मग, थोडी मऊ होऊन, "लोह कमी म्हणजे खात नाहीस. काड्या आहेत हातापायाच्या. थांब, मी बघते."

तिनं पाहिलं. दर शनिवारी घोड्याच्या मांसाचा तुकडा, लाल, मध्यभागी कच्चा, कारण आमच्याकडे फिकट पोरींना तोच देतात. आणि त्याचं रक्त ताटलीत उरलं तर ते टिपून घ्यायला पाव. रोज सकाळी दुधात पाव. दुपारी तेल आणि टोमॅटो चोळलेला पाव. दिवेलागणीला शिळ्या पावाचा रस्सा. "खा," आई म्हणायची, "पांढरीफटक पडलीस, लोक म्हणतील पाववाली पोरीला उपाशी ठेवते." मी खायचे आणि पोट तडस लागून फुगायचं आणि मी मागच्या अंगणात डाळिंबाच्या झाडाखाली पाय पोटाशी घेऊन बसायचे. मला वाटायचं सगळ्यांचंच पोट असं होतं. वाटायचं जेवण म्हणजे दुखणंच, फक्त बाकीचे बोलत नाहीत. लोहाच्या गोळ्यांची एक बाटली आणली होती. त्या गोळ्यांनी माझी विष्ठा काळी झाली म्हणून आईनं ती फेकून दिली.

आणि मग घडी. आठ वर्षांनी लग्नाचं बोलणं करायला सासूबाई मोटारीनं गावी आल्या, काळा कोट घालून, दारातच पिठावरून पाय घसरेल म्हणून भिंतीला हात लावून. आईनं सगळ्यात चांगला टेबलक्लॉथ घातला होता. सासूबाईंनी कॉफी अर्धी घेतली आणि पर्समधून एक फोटो काढून मेजावर ठेवला. पाच वर्षांची मुलगी, कपाळ पुढे आलेलं, गालाची हाडं वर, डोळे फार मोठे. "जेसुइना," त्या म्हणाल्या. "रायमोन्दोच्या आधीची. अठ्ठावन्न साली गेली. तेव्हा तपासत नव्हते, आम्हांला कुणाला काही माहीत नव्हतं. आता तपासतात. म्हणून मला पुन्हा ते नको." त्यांनी हे असं सांगितलं जसं कुणी सांगावं की जिना उंच आहे म्हणून मला तिसरा मजला नको. आईनं कपाटातून कागद आणला. आणताना तिनं दुसऱ्या ओळीच्या बरोब्बर वर घडी घातली, नखानं दाबून, कणकेच्या कडेला दाबतात तशी, आणि घडी घातलेला कागद सासूबाईंपुढे ठेवून त्यावर आपली दोन बोटं टेकवून ठेवली, जणू वारा होता. वारा नव्हता, खिडक्या बंद होत्या. सासूबाईंनी वाचलं. मी भट्टीच्या दारात उभी होते. मला ती घडी दिसली, आईला कळलं की मला दिसली, आणि मी पुढे होऊन विचारलं, "आणखी कॉफी आणू का?" माझ्या आयुष्यात मी विचारलेल्या सगळ्या प्रश्नांत हा सगळ्यात महाग.

मंगळवारी दवाखान्यात पोराचं वजन सात किलो चारशे भरलं. डॉक्टर कोंजू ही बाई पन्नाशीची, चष्मा दोरीला बांधलेला, सगळ्या आयांना 'आई' म्हणूनच हाक मारणारी, कारण नावं लक्षात ठेवली तर हे काम होत नाही असं तीच म्हणते. तिनं प्रियामोला उघडा केला. पोट ताणलेलं, मांड्यांची कातडी लोंबलेली. पापणी खाली ओढून पाहिली. "आई, याला पाव कधीपासून देताय?"

"सहाव्या महिन्यापासून. माझी आई पाववाली आहे."

"वाटलंच. आणि फिकट कधीपासून?"

"माझ्यावर गेलाय," मी म्हटलं. हे मी सगळ्यांना म्हणायचे. सगळे मला म्हणायचे.

तिनं मग माझ्याकडे पाहिलं, पोराकडे पाहावं तसं. माझी पापणी ओढली, तोंड उघडायला लावलं, फोड पाहिले, नखं पाहिली. विचारलं, पोट कसं असतं, गर्भ गेला होता का कधी. एक गेला होता. "दोन गोष्टी असू शकतात," ती म्हणाली. "एक गव्हाची. काहींच्या आतड्याला गहू सोसत नाही, आतडं सोलल्यासारखं होतं, मग खाल्लेलं अंगी लागत नाही, लोह तर नाहीच. सीलिएक म्हणतात. पाव बंद केला की माणूस उभा राहतो. दुसरी तुम्हांला माहीत आहे. नवऱ्यात खूण आहे ना? तुमच्यात?"

"नाही. कागद आहे."

"मग गव्हाचीच असायला हवी," ती म्हणाली, पण लिहिताना थांबली. "दोघांचं दोन्हीसाठी काढते. तुमचंही. पुढच्या मंगळवारी नाही, त्याच्या पुढच्या. अकरा वाजता या."

म्हणजे चौदा दिवस. या चौदा दिवसांत मी जे केलं ते कुणा शहाण्या बाईनं करू नये. मी रोज गहू मागितला. पाववालीची पोर, जिच्या आजीपणजीनं गव्हावर जन्म काढला, ती देवाजवळ मागत होती की माझ्या पोराला गव्हानं आजारी पाडलेलं असू दे. बसमध्ये उभी असताना, खिडकीवर शिक्के मारताना, भांडी घासताना. मला आधी वाटलं होतं मी प्रार्थना करतेय. दोन दिवसांनी लक्षात आलं की मी घासाघीस करतेय. त्याला आयुष्यभर पाव मिळाला नाही तरी चालेल. बरं, मलाही नको. बरं, शाळेत पोरं चिडवतील, वाढदिवसाचा केक नको, पहिल्या प्रसादाच्या दिवशी चर्चमधली गव्हाची चकती जिभेवर ठेवता येणार नाही, पाद्रीबाबा करतील काहीतरी. त्याची उंची थोडी कमी राहिली तरी. एकेक गोष्ट मी टाकत गेले, बोट बुडत असताना माणसं सामान फेकतात तशी, आणि समोरून काही उत्तर येत नव्हतं, फक्त आणखी टाक, आणखी टाक. घरातला सगळा पाव मी एका गोणीत भरून खालच्या म्हाताऱ्याच्या कोंबड्यांना दिला. लग्नातला कोक्कोइचा पाव तेवढा राहिला, काचेखाली, तीन वर्षं वाळून हस्तिदंतासारखा झालेला, त्यावर आईनं कापलेले दोन पक्षी चोचीला चोच लावून. तो काढायला हात धजेना. प्रियामोला मी भात दिला, मक्याची पेज दिली, बटाटे दिले. पाचव्या दिवशी तो भिंत धरून उभा राहिला. सातव्या दिवशी त्याच्या गालावर मला रंग दिसला. मी रायमोन्दोला बोलावलं. "बघ."

रायमोन्दोनं पोराला खिडकीपाशी नेलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. तो खोटं बोलू शकत नाही. ते काम त्याच्या घरात त्याची आई करते. "लाल पडदा आहे ना," तो म्हणाला, "त्याचा असेल." मग माझं तोंड बघून, "पण उभा राहिला हे खरं. आणि हे बघ, तुझ्यात नाही म्हटल्यावर ते होऊच शकत नाही. हिशोबच बसत नाही. दोघांकडून यावं लागतं. तू कशाला मरतेस?"

मी त्याला तेव्हा सांगू शकले असते. तोंडापर्यंत आलं होतं. त्याच्या हातात पोरगा होता, पोराच्या मुठीत त्याचा शर्ट होता, आणि पडदा खरोखरच लाल होता. मी म्हटलं, "भात लागेल खाली," आणि स्वयंपाकघरात गेले. भात चढवलेलाच नव्हता.

ठरलेल्या मंगळवारी आई गावाहून पहिल्या गाडीनं आली. तिनं सोबत फडक्यात बांधून काहीतरी आणलं होतं आणि दवाखान्याच्या लांब व्हरांड्यातल्या बाकावर बसल्यावर ते मांडीवर घेऊन बसली. गरम होतं. वास आला.

"आई, पाव आणलास?"

"तुझ्यासाठी आणलाय. पोराला नको देऊस. तू काय खातेस मग?"

"घरात पाव बंद आहे सांगितलं ना."

"बंद," आई म्हणाली. "चौदा दिवस. माझ्या पावानं माणसं मरतात असं आता शहरात ठरलंय. गावात ऐंशी वर्षांचे म्हातारे आहेत, कशावर जगले? डॉक्टरणीच्या बोलण्यावर?"

समोरच्या बाकावर एक बाई सहा वर्षांच्या मुलीला पुस्तक वाचून दाखवत होती. मुलीच्या पोटावर शर्टाच्या आत काहीतरी यंत्र घरघरत होतं, मुठीएवढं. मुलीचे गाल हाडांवर चढलेले, डोळे फार मोठे. ती आमच्या फडक्याकडे बघून म्हणाली, "छान वास येतोय." आईनं लगेच गाठ सोडून एक तुकडा मोडून तिला दिला. त्या मुलीनं तो खाल्ला, चवीनं, सगळा. तिला गहू सोसत होता. मला त्या क्षणी त्या मुलीचा हेवा वाटला, आणि लगेच पुढच्या क्षणी जे वाटलं त्याला नाव नाही. जिना उतरताना पायरी आहे समजून पाय टाकावा आणि खाली पायरी नसावी, तसं झालं. हे यंत्र कशाचं ते या शहरात कुणाला सांगावं लागत नाही. दुसऱ्याचं रक्त अंगात गेलं की त्यातलं लोह साठत जातं, ते काढायला रोज दहा तास सुई.

"आई," मी म्हटलं, "त्या कागदावर खालच्या ओळीत काय होतं?"

"कुठल्या?"

"आता तूही असंच विचारणार का?"

आई फडक्याची गाठ बांधत राहिली. बांधली, सोडली, पुन्हा बांधली. "तू तेव्हा सोळाची," ती म्हणाली. "तुझ्या मागे दोन बहिणी. तुझा बाप खाटेवर. एक कागद चांगला आला होता घरात, पहिल्यांदा. तो परत पाठवायचा, पुन्हा तपासा म्हणायचं? मी वाईट केलं का?" मग गाठ तशीच धरून, "तुलाही दिसली होती घडी. तू कॉफी विचारलीस."

"हो," मी म्हटलं.

"मग," आई म्हणाली. तेवढंच.

आतून आमचं नाव पुकारलं. डॉक्टर कोंजूच्या मेजावर दोन कागद होते, उलगडलेले, शेजारी शेजारी. मी सवयीनं ते उलटे वाचायचा प्रयत्न केला. खिडकीवर बसून मला उलटं वाचता येतं. आकडे फार होते. तिनं चष्मा लावला. "आई, गहूच निघाला," ती म्हणाली.

मला वाटतं मी हसले. मला आठवतं की माझ्या मागे आईनं श्वास सोडला, आणि माझ्या डोळ्यांसमोरची खोली एकदम मोठी झाली, खिडकी, खिडकीतलं ताडाचं झाड, झाडावरचं ऊन, सगळं आपापल्या जागी आलं. मी मनातल्या मनात एकेक फेकलेली वस्तू परत गोळा करायला लागले होते: उंची राहील, शाळा होईल.

"तुमच्यात," डॉक्टर म्हणाली. "तुमचं आतडं बहुधा लहानपणापासून सोललेलं आहे. बारीक नळी घालून एक तुकडा घ्यावा लागेल, पण मला शंका नाही."

"आणि याच्यात?"

"बाळाचं आतडं ठणठणीत आहे. त्याला गहू पचतो." तिनं चष्मा काढला. "लोह फार कमी असलं ना, आई, की तो जो आकडा बघून आम्ही खूण ओळखतो तो खाली येतो. खाली येऊन बरोबर निरोगी माणसासारखा दिसतो. म्हणून अशा माणसाला लोह देऊन पुन्हा तपासतात. तुम्हांला कुणी सांगितलं नाही का?"

मी प्रियामोचा मोजा वर ओढला.

"बाळाच्या रक्तात जे दिसतंय ते एका बाजूनं येत नाही," ती म्हणाली. "दोघांकडून यावं लागतं." हे वाक्य मी ऐकलेलं होतं, आमच्या घरात, लाल पडद्यापाशी. "हिमोग्लोबिन साडेपाच आहे. आज बुधवार असता तर उद्या म्हटलं असतं. आज मंगळवार आहे, रक्त द्यायची खोली उघडी आहे, आजच देऊ." आणि मग, बहुधा मला काहीतरी द्यायचं म्हणून, "तुमचं मात्र सोपं आहे. पाव सोडा, दोन महिन्यांत बघा, गाल लाल होतील."

म्हणजे मागितलेलं मिळालं होतं. गहू मागितला होता, गहू दिला. कुणाच्या पोटात ते मी सांगायचं विसरले होते. मी आईकडे पाहिलं. तिनं बारा वर्षं, वीस वर्षं, रोज सकाळ दुपार मला जे भरवलं होतं त्यानंच माझं लोह खाल्लं, लोह खाल्लं म्हणून आकडा खाली आला, आकडा खाली आला म्हणून कागद चांगला आला. तिच्या हातचा पाव नसता तर कागद खरा आला असता आणि मी गावातच कुणा स्वच्छ रक्ताच्या गवंड्याच्या घरात असते, आणि प्रियामो नसता. हे इतकं नीट बसत होतं की त्याला चुकीची जागाच सापडेना. आईला हे किती कळलं मला ठाऊक नाही. तिनं फडकं उचललं, दाराबाहेर नेलं आणि परत आली तेव्हा तिचे हात रिकामे होते. ती हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखी उभी राहिली. हात रिकामे ठेवून उभी असलेली आई मी त्याआधी पाहिलेली नव्हती.

रक्त द्यायच्या खोलीत नऊ खाटा आहेत आणि भिंतीवर मासे रंगवलेले आहेत. शीर सापडायला चार वेळा टोचावं लागलं, शेवटी डोक्यावरची सापडली, कानाच्या वर. रायमोन्दो दुकानातला पांढरा कोट तसाच घालून धावत आला आणि दारातच बाही वर करून म्हणाला, "माझं घ्या." नर्स ओगस्तीना, जाडजूड, गावाकडच्या बोलीची, म्हणाली, "बाही खाली करा साहेब. आईबापाचं इथे चालत नाही. तुम्ही दोघांनी दिलंय तेवढं पुष्कळ झालं." ती वाईट अर्थानं म्हणाली नाही, रोज म्हणत असेल. रायमोन्दोनं बाही खाली केली, बटण लावलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "म्हणजे कागद खोटा होता."

"खोटा नव्हता," मी म्हटलं. "अर्धा होता."

तो भिंतीवरच्या माशांकडे वळला. "अर्धा तुला माहीत होता?"

"हो."

त्यानं मान हलवली, एखादं औषध दुकानात नाही असं गिऱ्हाइकाला सांगताना हलवतो तशी, आणि बाहेर जाऊन उभा राहिला. काचेतून मला त्याची पाठ दिसत होती. पुढे तो आत आला, त्या दिवशीही आला आणि नंतरही येत राहिला, पण तो गोड आवाज मी तेव्हापासून ऐकला नाही. तोही मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत होता.

पिशवी लहान होती, शंभर मिलिलिटर. कुणाचं ते लिहिलेलं नसतं. तासाभरानं मी प्रियामोकडे पाहिलं आणि ओळखलं नाही. त्याला ओठ आले होते. तेरा महिने मी ज्या चेहऱ्याला माझा म्हणत होते तो त्याचा नव्हताच. त्याचा हा होता, खालून वर येत असलेला, एखादा अनोळखी, देखणा, लालसर पोरगा. तो नळी ओढायला बघत होता. आता त्याच्या अंगात ताकद होती.

सासूबाई चारच्या सुमारास आल्या. काळा कोट. त्यांनी नातवाचा कान दोन बोटांत धरला, खिडकीच्या उजेडात वळवून पाहिला आणि सोडला. जेसुइनाच्या वेळी ही खोली नव्हती. मी पर्समधून कागद काढला, आदल्या रविवारीच कपाटातून काढून ठेवलेला, आणि उलगडून त्यांच्यापुढे धरला. अकरा वर्षांचा कागद घडीवर फाटायला आला होता. "वाचा," मी म्हटलं. "सगळा वाचा."

त्यांनी घेतला. वाचला नाही. त्याच घडीवर परत दुमडला, नख फिरवून, आणि माझ्या हातात दिला. "तुझ्या आईची बोटं होती ना त्यावर," त्या म्हणाल्या. "खाली काहीतरी आहे एवढं मला तेव्हाच कळलं होतं. माझा मुलगा चौतिसाचा झाला होता. तिघीचौघींनी त्याचा कागद बघून नाही म्हटलं होतं, आणि तू हो म्हणणार होतीस. मी म्हटलं, असेल काही. विचारलं की सांगावं लागतं." त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या. आई पलीकडच्या खुर्चीत बसली होती. लग्नानंतर दोघी एका खोलीत प्रथमच इतका वेळ बसल्या होत्या आणि एकमेकींशी काहीही वाकड्यात बोलल्या नाहीत.

ओगस्तीना पिशवी बदलायला नाही, काढायला आली. रिकामी पिशवी तिनं उजेडात धरून पाहिली, शेवटचा थेंब गेला का ते. भिंतीवरच्या तक्त्यावर नवं नाव लिहिलं, प्रियामो, आणि त्यापुढे तारीख, तीन आठवड्यांनंतरची, आणि त्यानंतरची, आणि त्यानंतरची, ओळ संपेपर्यंत. त्या ओळीला घडी नव्हती. मी तिथे बसून हिशोब जमवून पाहिला, आणि तो पहिल्या फटक्यात लागला, पुन्हा मोजावं लागलं नाही. मला घर मिळालं, नाव मिळालं, आणि आता पाव सोडला की गालही लाल मिळणार. आईला पोरीचं चांगलं झालेलं बघायला मिळालं. सासूबाईंना सून मिळाली. कागद आईनं दुमडला, मी बघितला, सासूबाईंनी ओळखला. तिघींपैकी कुणीही खोटं बोललं नाही. त्या सगळ्यात वाचता न येणारा एकच जण होता, आणि सगळ्याची किंमत त्यानं भरली.